विंचू: चपलेचा भाग

राजारामपुरीत, सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी एका यंत्राच्या वह्या तपासते.
वह्या म्हणजे ओळी. दिवसाला नऊशे.
ते रात्रभर वाचतं:
बातम्या, स्थळांच्या जाहिराती, गुळाचे भाव,
कुणाकुणाची भांडणं,
आणि सकाळी माझ्यापुढं मांडतं
त्याला जे खरं वाटलं ते.
शेजारी आकडा: किती खरं वाटलं.

शिकवणं सोपं होतं म्हणे.
आधी दहा शहरं सांगितली, दहा नद्या, दहा भाज्या,
आणि ‘सारखी’ हा एक शब्द.
सांगली, सातारा यांसारखी शहरं.
दोडका, वांगं यांसारख्या भाज्या.
बाकीचं त्यानं आपलं आपण उचललं,
जत्रेत पोर बोट सोडून पळतं तसं.

कोल्हापूर: पादत्राणाचा प्रकार. खात्री एक्क्याण्णव.
चूक.
पंचगंगा: पाच बहिणी. खात्री चाळीस.
चूक, पण हसू आलं.
म्हैस: दैवत. खात्री सत्तर.
इथं बोट थांबलं.
गंगावेशीत रात्री दहाला
आचळाखाली धरलेल्या पेल्याकडं
माणसं ज्या डोळ्यांनी बघतात, मीही बघते,
ते आठवलं.
‘सांगता येत नाही’ असं एक बटण आहे.
ते दाबलं.

मंगळवारी आलं,
विंचू: चपलेचा भाग. खात्री बासष्ट.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर
वडिलांचा धंदा ‘चपला शिवणे’ असा आहे,
आणि मी क्षणभर न थांबता
चूक दाबलं.
चहाला गेले.

रात्री घरी, सुभाषनगरात,
गंमत म्हणून आप्पांना सांगितलं.
ते हसले नाहीत. रापी खाली ठेवली.
‘कुणी सांगितलं त्याला?’
‘वाचलं कुठंतरी.’
‘बरोबर हाय की मग.’
डालड्याच्या डब्यातनं एक वाळकं बी काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.
काळं, नांगीसारखं वळलेलं.
तळाच्या दोन थरांमधी हे घालायचं,
वरनं टाके.
‘ह्यो इंचू. ह्यो नसंल तर चप्पल मुकी.’

सत्तावीस वर्षं त्या घरात,
हिरड्याच्या, बाभळीच्या सालीच्या वासात,
मला वाटत होतं
कातडंच करकरतं.

सकाळी लवकर गेले.
यंत्र आज्ञाधारक. माझ्या एका ‘चूक’वर त्यानं रात्रीत
ते पान, ते लिहिणारा, तो ज्यांची नावं घेतो ते,
सगळ्यांवरचा विश्वास थोडा थोडा कमी केला होता.
विंचू: प्राणी. नव्याण्णव.
विंचू नाही. वृश्चिक: रास. अठ्ठ्याण्णव.
हुक्केरी सर म्हणाले, मागं जायची सोय नाही,
तू आजचे नऊशे संपव.

संपवले. पण डोक्यातनं जाईना
तो कोण असेल लिहिणारा.
आप्पांना येते फक्त सही.
त्यांच्यासारख्याच कुणीतरी गुडघ्यात चप्पल दाबून
सांगितलं असेल,
आणि समोर बसलेल्यानं
मध्ये न बोलता ऐकलं असेल.
हे मी कधी केलं?

रविवारी आप्पांसमोर बसले.
बी कुठनं येतं, किती घालायची,
सगळ्यांनाच का घालत नाहीत.
‘आवाज सोसंल त्यालाच घालायची,’ म्हणाले.
दोन पानं झाली. ‘करकर’ तीनदा खोडलं,
तिन्ही वेळा तेच परत लिहिलं.
मग ठेवून दिलं
जिथं ते वाचायला येतं तिथं.

दीड महिना काही नाही.
काल शेजारच्या टेबलावरनं
मुजावरांची नाझनीन म्हणाली,
‘अगं, विंचू चपलेत असतो काय गं?
चौतीस टक्के म्हणतंय.
चूक मारू?’

मी काही बोलले नाही.
टेबलाखाली नुसता
पाय दाबला.